काचेवरची रेघ

झेनोवी तिसऱ्यांदा आला तो मार्चमधला मंगळवार.
पाठीवर काच, जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली,
लिफ्ट बंद, सातवा मजला,
आणि दर मजल्यावर थांबून तो काचेलाच विचारत होता,
दमलीस का गं?

मी खारकीवची. साल्तिव्का. उत्तरेकडची खिडकी.
सीमा इथून इतकी जवळ
की कधी आधी स्फोट होतो, मग भोंगा वाजतो.

नोटरीच्या कचेरीत एकतीस वर्षं टाइप केलं मी.
घरं, मोटारी, मृत्युपत्रं, दत्तक मुलं.
त्यामुळे बातम्या ऐकताना माझं लक्ष माणसांकडे नसतं,
क्रियापदांकडे असतं.
करतील. करू शकतील. करण्याचा विचार करतील.
तातडीने एकत्र बसून सल्लामसलत करतील.
कर्जखतात असलं वाक्य आलं असतं
तर आमच्या पाव्हलीना मॅडमनी कागद परत सरकवला असता:
जामीन कोण? नाव लिहा. रक्कम लिहा. तारीख.

रेडिओवर रोज कुणीतरी म्हणतं,
आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.
खोटं नाही ते.
पाठीशी आहेत. पाठीशीच आहेत.
येणारं सगळं समोरून येतं.

कृतघ्न म्हणू नका मला.
तळघरातला जनरेटर डेन्मार्कहून आलाय,
चौथ्या मजल्यावरच्या ओमेल्यानचा श्वास त्याच्यावर चालतो.
आकाशात जे मध्येच विझतं
ते विझवणारंही कुणीतरी दिलेलं.
मोजून दिलेलं.
आम्हीही मोजतो रात्री: इतकी आली, इतकी पाडली.
वजाबाकी कुठे पडली ते सकाळी कळतं.

एक कागद आठवतो. मी तेव्हा अडतीस वर्षांची.
आमच्याकडचं सगळ्यात भयंकर सामान आम्ही देऊन टाकलं
आणि बदल्यात सह्या घेतल्या.
आमच्या प्रतीत लिहिलं होतं, हमी.
दुसऱ्या भाषेतल्या प्रतीत, नुसतं आश्वासन.
दोन प्रती ताडून पाहायचं काम माझं असतं तर
त्या दिवशी मी जेवायला उठले नसते.

झेनोवीने टेबलावर काच आडवी केली,
पट्टी धरली, हिऱ्याच्या टोकाने रेघ ओढली.
काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात.
काचेवरचीही पुसत नाही.
फक्त काच बरोबर तिथेच तुटते.
टक्.

मग त्याने छापील कार्ड काढलं.
दहा वर्षांची हमी. चौकट, रबर, बिजागरी.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात: युद्धजन्य नुकसान वगळून.
मी चष्मा लावून वाचलं आणि हसले.
तोही हसला, मग हसायचा थांबला,
आणि पेनने ती ओळ खोडली.
मागे नंबर लिहिला. फुटली तर फोन करा.
तारीख घाल, म्हटलं. सही कर.
केली.

ऑगस्टमध्ये फुटली.
फोन त्याच्या सुनेने घेतला, यारीनाने.
बाबा आघाडीवर आहेत. पत्ता सांगा.

काच नव्हती तिच्याकडे,
पोलंडहून येणारा ट्रक सीमेवरच्या रांगेत अडकलेला.
ती प्लायवूड घेऊन आली.
सात मजले. सहावा महिना.
मी म्हटलं, कार्डावर सही तुझ्या सासऱ्याची आहे,
तुझ्यावर काही बंधन नाही.
तोंडात खिळे धरलेले असल्यामुळे
ती काही बोलली नाही.

आता खोलीत दिवसाही दिवा लागतो, म्हणजे
वीज असली तर.
प्लायवूडवर कुठल्यातरी परक्या भाषेतली अक्षरं आहेत,
घाईत उलटी ठोकली गेलेली.
रोज चहा घेताना मी मान वाकडी करून वाचायला बघते.
क्रियापद कुठलं,
ते अजून सापडलेलं नाही.